ब्लास्टमध्ये पहिलं नाव जुळतं, पण एन्झाइम जुळत नाही: कुठे अडतं आणि काय तपासायचं

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाच्या बाटल्या यायला लागतात. अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरी, जिकडून मुलं येतात तिकडे ऊसच ऊस, त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधत फिरावं लागत नाही. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडातच पडून राहिला, त्यातही तो जळीत असला, तर रसाला आंबूस वास येतो आणि बोट बुडवून उचललं की तार निघते. आमचा एक कन्नड विद्यार्थी त्याला ‘अंटु’ म्हणतो. नाव काहीही द्या, काम बहुतेक वेळा ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स या जिवाणूचं असतं. उसातल्या सुक्रोजपासून तो डेक्स्ट्रान नावाची लांबच लांब साखळी विणतो. त्यापायी कारखान्यात रस गाळायला वेळ लागतो, साखरेचे स्फटिक लांबट होतात आणि पोल, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून मोजलेली साखर, तीसुद्धा खोटी वाढून दिसते, कारण डेक्स्ट्रान प्रकाशाला सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवतं.

हे विणकाम करणारं एन्झाइम म्हणजे डेक्स्ट्रानसुक्रेज, ईसी क्रमांक (एन्झाइमला त्याच्या कामावरून दिलेला क्रमांक) २.४.१.५. जिवाणूच्या जीनोममध्ये ते शोधायला मुलं ब्लास्ट वापरतात, म्हणजे आपला सिक्वेन्स (डीएनए किंवा प्रोटीनमधल्या घटकांचा क्रम) डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून बघणारा प्रोग्राम, आणि दरवर्षी त्याच जागी अडकतात.

गेल्या हंगामातलं उदाहरण सांगते. रायबागकडच्या एका मुलीनं वडिलांच्याच शेतातल्या जळीत उसाच्या रसातून एक चिकट वसाहत वेगळी केली. जीनोम बाहेरून वाचून आणला. सोबत आलेल्या फाइलमध्ये ‘डेक्स्ट्रानसुक्रेज’ हे नाव तीन प्रोटीनांपुढे होतं. तिन्ही ब्लास्टला दिली, तिन्हींना नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास जुळणी आणि ई-व्हॅल्यू (तिचा अर्थ पुढे सांगते) शून्य. अहवालात तीन एन्झाइमं लिहून झाली. मग तिनं जेलवर प्रोटीन वेगळी केली, जेल सुक्रोजच्या द्रावणात ठेवलं आणि पॉलिसॅकराइड रंगवणारा रंग दिला. पट्टा एकच आला, तोही पार वर, जड प्रोटीनांच्या जागी. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न एकच होता: “मॅडम, जेल चुकलं का?”

जेल बरोबर होतं. बाकीच्या दोन प्रोटीनांचं काय झालं होतं ते खाली सविस्तर लिहिते, कारण हीच गफलत मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

आधी लांबी बघा

त्या तीनपैकी एका प्रोटीनची लांबी होती ४१२ अमिनो आम्लं. ल्युकोनोस्टॉकच्या एनआरआरएल बी-५१२एफ या प्रसिद्ध वाणाचं डेक्स्ट्रानसुक्रेज १५२७ अमिनो आम्लांचं आहे. म्हणजे हातात आलेला तुकडा पुऱ्या एन्झाइमच्या २७ टक्के. ब्लास्टच्या तक्त्यात मात्र ‘क्वेरी कव्हर’ १०० टक्के दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. तो रकाना इतकंच सांगतो की तुम्ही दिलेला सिक्वेन्स किती जुळला. समोरच्या प्रोटीनचा किती भाग जुळला, हे तो सांगत नाही. ते स्वतः काढावं लागतं: खाली जुळणीच्या ओळी उघडा, समोरच्या प्रोटीनवरचा पहिला आणि शेवटचा आकडा बघा आणि वजाबाकी करून पूर्ण लांबीने भागा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मुलं तक्त्यापुढे जातच नाहीत.

ही वजाबाकी केल्यावर कळलं की तिचं ४१२ चं प्रोटीन म्हणजे एन्झाइमची शेपूट. डेक्स्ट्रानसुक्रेजच्या शेपटाकडच्या भागात ग्लुकानला, म्हणजे ग्लुकोजच्या साखळीला, धरून ठेवणारे छोटे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. साखर तोडण्या-जोडण्याचं काम मधल्या भागात होतं. नुसती शेपूट डेक्स्ट्रान धरू शकेल, बनवू शकणार नाही.

हे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे आणखी एका बाजूने घात करतात. त्याच नमुन्याचे तुकडे दुसऱ्या कितीतरी प्रोटीनांमध्ये आहेत. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटान्सच्या ग्लुकान-बाइंडिंग प्रोटीनमध्ये आहेत, न्यूमोकोकसच्या कोलीन धरणाऱ्या प्रोटीनांमध्येही त्यांचे भाऊबंद आहेत. त्यामुळे शेपटावरून शोध घेतला की ज्यांचा साखर विणण्याशी काही संबंध नाही अशी प्रोटीनंही झोकात वर येतात.

शेपूट एकटी कशी पडली? जीनोम छोट्या छोट्या वाचनांतून जोडलेला होता. सारखे तुकडे वारंवार आले की जोडणाऱ्या प्रोग्रामला कुठला तुकडा कुठे लावायचा ते कळत नाही, आणि तो तिथेच जोडणी थांबवतो. ल्युकोनोस्टॉकमध्ये या घराण्याची एकापेक्षा जास्त जनुकं असणं नेहमीचं, म्हणून तर गोंधळ दुप्पट. आम्ही फाइल उघडून त्या जनुकाची जागा बघितली तर ते कॉन्टिगच्या (सलग जोडल्या गेलेल्या तुकड्याच्या) अगदी काठावर होतं. उरलेलं प्रोटीन दुसऱ्या एका कॉन्टिगच्या काठावर. एकाच जनुकाची दोन टोकं वेगवेगळी मोजली गेली असण्याची दाट शक्यता. म्हणून माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: जनुक कॉन्टिगच्या काठापासून किती दूर आहे?

सुरुवातीचं टोकही तपासा. जिवाणूंमध्ये जनुक नेहमी एटीजीनेच सुरू होत नाही, जीटीजी आणि टीटीजीनेही होतं, आणि प्रोग्राम कधी कधी पन्नासेक अमिनो आम्लं पुढचा प्रारंभ निवडतो. तेवढ्यानं एन्झाइम बदलत नाही, पण प्रोटीनला पेशीबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, गळून जातो आणि मग ‘हे प्रोटीन पेशीबाहेर जात नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

डीएनए देऊन शोधलंत का?

हे लवकर आटोपते. एन्झाइम ओळखायचं असेल तर प्रोटीन सिक्वेन्सच द्या. तीन-तीन अक्षरांचे ६४ कोडॉन आणि २० अमिनो आम्लं, त्यामुळे डीएनएमधली अक्षरं बदलूनही प्रोटीन तेच राहू शकतं. दूरच्या नात्यातल्या जिवाणूंमध्ये डीएनएची जुळणी विरून जाते आणि प्रोटीनची टिकते. हातात फक्त डीएनए असेल तर ब्लास्टएक्स वापरा, ते सहाही वाचनचौकटींत भाषांतर करून शोधतं.

नाव कुणी दिलंय?

नॉन-रिडंडंट डेटाबेसमध्ये शोधलं की पहिले शंभरच्या शंभर हिट (जुळलेल्या नोंदी) ल्युकोनोस्टॉकचेच येतात आणि सगळ्यांपुढे तेच नाव असतं. मुलांना वाटतं, शंभर जणांनी सांगितलं म्हणजे खरं. त्या शंभरांतल्या बहुतेकांवर कुणी प्रयोग केलेला नसतो. एका जीनोमला नाव दिलं गेलं, प्रोग्रामनं ते पुढच्या जीनोमला लावलं, तिथून त्याच्या पुढच्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर एकदा चुकीची नोंद चढली की पुढचे सगळे उतारे तीच चूक घेऊन निघतात, तसंच आहे हे.

२००९ साली यावर एक नीट मोजणी प्रसिद्ध झाली. एन्झाइमांची सहा महाघराणी घेऊन सार्वजनिक डेटाबेसमधली नावं तपासली गेली. आपोआप नावं दिलेल्या डेटाबेसमध्ये काही महाघराण्यांत अर्ध्याहून जास्त नावं चुकीची निघाली. माणसांनी तपासून भरलेल्या स्विस-प्रोटमध्ये चूक जवळपास नव्हती.

म्हणून माझ्याकडे नियम असा: पहिला शोध स्विस-प्रोटमध्ये. साडेपाच लाखांहून थोड्या जास्त नोंदी आहेत, संकुचित फाइल शंभर एमबीच्या आत. वसतिगृहाचं इंटरनेट कितीही रडत असलं तरी रात्री एकदा उतरवून घेता येते, आणि मग जुन्या संगणकावरही ब्लास्ट घरीच चालतं. हिट मिळाला की त्या नोंदीचं पान उघडा आणि ‘प्रोटीनच्या पातळीवर पुरावा’ आहे की ‘साधर्म्यावरून अनुमान’ हे वाचा. स्विस-प्रोटमध्येही दुसऱ्या प्रकारच्या नोंदी भरपूर आहेत. प्रत्यक्ष प्रयोग झालेलं सर्वांत जवळचं प्रोटीन कोणतं आणि ते आपल्यापासून किती टक्के दूर आहे, हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही.

ई-व्हॅल्यू काय सांगते आणि काय सांगत नाही

ई-व्हॅल्यू म्हणजे इतक्या मोठ्या डेटाबेसमध्ये एवढा स्कोअर निव्वळ योगायोगानं किती वेळा मिळाला असता, त्याचा अंदाज. ती डेटाबेसच्या आकाराबरोबर बदलते, बिट स्कोअर, म्हणजे जुळणीला मिळालेले गुण, बदलत नाही. ढोबळ हिशेब करून बघा: ३३० अमिनो आम्लांचा सिक्वेन्स, सुमारे २० कोटी अक्षरांचा स्विस-प्रोट आणि ५० बिटांचा हिट. दोन्ही लांब्यांचा गुणाकार करून दोनाच्या ५० व्या घाताने भागलं की ०.००००६ येतं. तोच हिट हजारपट मोठ्या डेटाबेसमध्ये ०.०६ होतो. प्रोटीन तेच, जुळणी तीच. म्हणून दोन वेगळ्या डेटाबेसमधल्या ई-व्हॅल्यू शेजारी मांडून तुलना करू नका, बिट स्कोअर मांडा.

दुसरं, ई-व्हॅल्यू कितीही लहान असली तरी ती फक्त नातं सिद्ध करते. दोन प्रोटीनांचा पूर्वज एक आहे, एवढंच. पूर्वज एक असून धंदा वेगळा असू शकतो. इथे खरी अडचण सुरू होते.

घराणं तेच, काम वेगळं

१९८८ सालचा एक प्रयोग मी प्रत्येक बॅचला सांगते. बॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसचं लॅक्टेट डीहायड्रोजिनेज घेऊन त्यातल्या १०२ क्रमांकाच्या जागेवरचं ग्लुटामिन काढून आर्जिनिन बसवलं. तीनशेहून जास्त अमिनो आम्लांपैकी फक्त एक बदललं, आणि एन्झाइम पायरुव्हेट सोडून ऑक्झॅलोअॅसिटेट पसंत करू लागलं, म्हणजे मॅलेट डीहायड्रोजिनेज झालं. ब्लास्टला ही दोन प्रोटीनं दिली तर जुळणी नव्याण्णव टक्क्यांच्या वर येईल. ईसी क्रमांक मात्र १.१.१.२७ चा १.१.१.३७ झाला.

आपल्या डेक्स्ट्रानसुक्रेजच्या घराण्यातही हेच आहे. डेक्स्ट्रानसुक्रेज, अल्टर्नानसुक्रेज आणि रॉयटरानसुक्रेज ही तिन्ही एन्झाइमं सुक्रोज खातात, तिन्ही जीएच ७० या एकाच घराण्यातली. फरक ग्लुकोजच्या कड्या कशा जोडल्या जातात त्यात. डेक्स्ट्रानमध्ये बहुतेक जोड अल्फा-१,६ असतात. अल्टर्नानमध्ये अल्फा-१,६ आणि अल्फा-१,३ आलटून पालटून. ‘डेक्स्ट्रानसुक्रेज’ हे नाव लिहिण्याआधी हा फरक सिक्वेन्समध्ये शोधावा लागतो.

तो असा. बी-५१२एफच्या एन्झाइममध्ये काम करणारी तीन अमिनो आम्लं माहीत आहेत: ५५१ वर अॅस्पार्टेट, ५८९ वर ग्लुटामेट आणि ६६२ वर पुन्हा अॅस्पार्टेट. आपलं प्रोटीन त्याच्याशी जुळवून या तीन जागांवर काय आहे ते बोट ठेवून बघा. जागा क्रमांकानं मोजू नका, जुळणीच्या ओळीत शोधा, कारण सुरुवातीला दहा अमिनो आम्लं कमी-जास्त झाली की आकडे सरकतात. ६६२ च्या लगेच पुढच्या पट्ट्यात तीन अमिनो आम्लांचा एक गट आहे. डेक्स्ट्रानसुक्रेजमध्ये तो सेरीन-ग्लुटामेट-व्हॅलिन असतो. रॉयटरानसुक्रेजमध्ये त्या जागी अॅस्परॅजिन-अॅस्परॅजिन-सेरीन. रॉयटरानसुक्रेजमध्ये हा गट बदलून डेक्स्ट्रानसुक्रेजसारखा केल्यावर जोडांचं प्रमाण अल्फा-१,६ कडे झुकलं. म्हणजे ही तीन अक्षरं पंधराशे अक्षरांच्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतात.

इथे ब्लास्टचा ‘पॉझिटिव्ह्ज’ हा, सारखी किंवा मिळतीजुळती अमिनो आम्लं मोजणारा, आकडा फसवतो. स्कोअर देणारा बीएलओएसयूएम ६२ हा तक्ता १९९२ पासून वापरात आहे, आणि चांगला आहे. पण त्याच्या लेखी अॅस्पार्टेटच्या जागी अॅस्परॅजिन आलं तर +१ मिळतो, म्हणजे ‘चालेल’. ५५१ वरच्या अॅस्पार्टेटचं अॅस्परॅजिन केलं की डेक्स्ट्रानसुक्रेज पूर्ण मरतं. तक्ता सगळ्या प्रोटीनांच्या सरासरीवर बनलाय, त्याला ही जागा वेगळी आहे हे कसं कळणार? ते आपणच बघायचं. जुळणीच्या मधल्या ओळीत अक्षराऐवजी अधिकचं चिन्ह दिसलं आणि ते नेमकं या तीनपैकी एका जागेवर असलं, तर तिथेच थांबा.

रायबागच्या मुलीला मी कागदावर तीन रकाने आखून दिले. पहिल्या प्रोटीनमध्ये तिन्ही जागा शाबूत, पुढे सेरीन-ग्लुटामेट-व्हॅलिन. शेपटीच्या तुकड्यात तिन्ही रकाने रिकामे, तिथवर प्रोटीन पोचतच नव्हतं. जेलवरचा एकच पट्टा एकाएकी समजला. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली होती.

सापडायला हवं ते सापडत नाही तेव्हा

ही उलटी तक्रार. ग्लायकॉलिसिसच्या (ग्लुकोज मोडण्याच्या वाटेच्या) नकाशावर सगळी एन्झाइमं हिरवी झाली, म्हणजे सापडली, एक चौकोन पांढरा राहिला. ल्युकोनोस्टॉकमध्ये तो चौकोन फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचा असतो. एका मुलानं तो भरायचाच म्हणून ई. कोलायचं दुसरं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज क्वेरी म्हणून दिलं, २८ टक्के जुळणारा हिट मिळवला आणि चौकोन हिरवा केला. ई. कोलायमधली दोन फॉस्फोफ्रुक्टोकायनेज एकमेकांच्या नात्यातली नाहीत. दुसरं रायबोकायनेजच्या घराण्यातलं आहे. त्याला जे मिळालं ते त्या घराण्यातलं कुणीतरी शुगर कायनेज होतं. साधारण २० ते ३५ टक्क्यांच्या पट्ट्यात जुळणी आली की नुसत्या टक्केवारीवर काहीच ठरवू नये.

ल्युकोनोस्टॉकला ते एन्झाइम नसतंच. तो ग्लुकोज फॉस्फोकिटोलेजच्या वाटेनं नेतो आणि एका ग्लुकोजमागे एक लॅक्टेट, एक कार्बन डायऑक्साइड आणि एक इथेनॉल किंवा अॅसिटेट सोडतो. पांढरा चौकोन हाच बरोबर निकाल होता. त्याऐवजी ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज शोधा, ते ठसठशीत मिळेल. या जिवाणूचं हे एन्झाइम एनएडी आणि एनएडीपी दोन्ही वापरतं, म्हणून रक्तातली साखर मोजायच्या हेक्झोकायनेज पद्धतीत तेच घालतात.

लॅक्टेटच्या बाबतीतही सावध. ल्युकोनोस्टॉक डी-लॅक्टेट बनवतो. एल-लॅक्टेट डीहायड्रोजिनेज क्वेरी दिलं तर डी बनवणारं सापडणार नाही, कारण दोन्ही वेगळ्या घराण्यांतली आहेत. डी बनवणाऱ्याच्या घराण्यात मात्र इतर २-हायड्रॉक्सी आम्लांवर काम करणारे नातलग आहेत, आणि नावांची सरमिसळ तिथे नेहमीची. फॉस्फोग्लिसरेट म्युटेजचंही असंच: दोन प्रकार, सिक्वेन्समध्ये काही साम्य नाही, काम तेच. एक नाही मिळालं तर दुसऱ्या प्रकारानं शोधल्याशिवाय ‘नाही’ लिहू नका.

दूरचं नातं शोधायला पीएसआय-ब्लास्ट किंवा एचएमएमईआर वापरा, घराण्याच्या प्रोफाइलनं (अनेक नातलग जुळवून काढलेल्या नमुन्यानं) शोधणं जास्त संवेदनशील असतं. पीएसआय-ब्लास्टमध्ये प्रत्येक फेरीला यादी स्वतः वाचा. एक परका आत शिरला की पुढच्या फेरीत तो आपली सगळी भावकी घेऊन येतो. जीएच ७० मध्ये आणखी एक गंमत आहे: त्याच्या मधल्या, पिंपासारख्या आकाराच्या भागाचे तुकडे अमायलेजच्या जीएच १३ घराण्याच्या मानानं पुढे-मागे फिरलेले आहेत. त्यामुळे त्या दोघांची जुळणी तुकड्यातुकड्यांत आणि उलट्या क्रमानं दिसते. ती ब्लास्टची चूक नाही.

शेवटी प्रयोगशाळेच्या बाकावर

सिक्वेन्सवरून डेक्स्ट्रानसुक्रेज की लेव्हानसुक्रेज असा संशय उरला तर दोन सोप्या चाचण्या आहेत. डेक्स्ट्रानसुक्रेज ग्लुकोज साखळीत घालतं आणि फ्रुक्टोज सोडतं, लेव्हानसुक्रेज उलट. पेशी काढून टाकलेल्या द्रावणात सुक्रोज घालून ग्लुकोज ऑक्सिडेजच्या किटनं मोजा. ग्लुकोज वाढत गेलं तर लेव्हानसुक्रेज किंवा इनव्हर्टेज असण्याची शंका घ्या. दुसरी, चिकट रसात डेक्स्ट्रानेज घाला. कारखान्यांत डेक्स्ट्रान मोडायला हेच वापरतात. तार तुटली तर डेक्स्ट्रान, नाही तुटली तर दुसरं काही.

रायबागच्या मुलीनं आता जीनोम लांब वाचनांनी पुन्हा वाचायला दिला आहे. तोपर्यंत तिच्या तक्त्यात पहिल्या प्रोटीनपुढे ‘डेक्स्ट्रानसुक्रेज, जेलवर पुरावा’ असं आहे, दुसऱ्यापुढे ‘शेपूट, उत्प्रेरक भाग नाही’. तिसऱ्यात ५५१ आणि ५८९ च्या जागा नीट जुळतात, ६६२ येण्याआधीच कॉन्टिग संपतो. त्या ओळीत तिनं नावाचा रकाना मोकळा ठेवलाय.